डाव्या कोपऱ्यातली खाच

कंपनीने माझ्या तिन्ही अटी पाच मिनिटांत मान्य केल्या, तेव्हाच मी खुर्ची मागे सारून उठायला हवं होतं.

मी आयुष्यभर घासाघीस करून जगलो आहे. अठराव्या वर्षी कोलकात्याला आलो तेव्हा माझ्याकडे आयटीआयचा एक कागद आणि रेल्वेत कारकून असलेला एक मामा, एवढंच भांडवल होतं. पुढचं सगळं भांडून मिळवलं. त्यातून एक गोष्ट शिकलो होतो. समोरचा माणूस जितका तणतणतो, तितकी त्याला वस्तू खरोखर हवी असते. जो भाव न करता पिशवी पुढे करतो, त्याला तुमची वस्तू नको असते. तो दुसरंच काहीतरी न्यायला आलेला असतो. हे मी चारचौघांना ऐटीत सांगायचो. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो, कारण समोर ती कंपनी बसली होती.

ती कंपनी मी पहिल्यांदा पाहिली गार्डन रीचला, रेल्वेच्या मुख्य कचेरीत, एका काचेतून. मामा मला त्याचं ऑफिस दाखवायला घेऊन गेला होता. सगळीकडे फायलींचे ढीग, घरघरणारे पंखे, घामाने ओले झालेले कारकून. मग एका बंद खोलीपाशी त्याने मला उभं केलं. काचेपलीकडे पलंगाएवढं लांब, राखाडी यंत्र होतं. एका टोकाला भोकं पाडलेल्या जाड कागदाच्या कार्डांचा गठ्ठा ठेवला होता. यंत्र खालचं एकेक कार्ड ओढून घेत होतं आणि भोकं कुठे आहेत ते पाहून बरोबर त्या त्या कप्प्यात टाकत होतं. दहा कारकुनांना आठवडाभर पुरेल एवढी निवड मी उभा होतो तेवढ्यात झाली. त्या खोलीत गारवा होता. काचेला हात लावला तरी कळत होता.

पण मी पाहत राहिलो तो यंत्राशेजारचा माणूस. पांढरा शर्ट, टाय, हातात तपकिरी चामड्याची हत्यारांची पेटी. त्याने यंत्राचं झाकण उघडलं, आत काहीतरी केलं, झाकण लावलं आणि बाहेर आला. शर्टावर तेलाचा एक डाग नव्हता. मामा म्हणाला, "हा कंपनीचा इंजिनियर. यंत्रं कंपनी विकत नाही, नुसती भाड्याने देते. बिघडलं तर ह्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." तो माणूस जाताना मामाने त्याला सलाम केला. माझ्या मामाने कुणाला सलाम केलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं मी टाइपरायटर आणि हिशेबाची हातयंत्रं दुरुस्त केली. माझे शर्ट कायम तेलकट असायचे. बायको त्यांना वेगळ्या बादलीत भिजवायची.

दुकान बेहालाला होतं, ट्रामच्या रस्त्यापासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये. माझं म्हणजे अर्धं माझं. शेड आणि लेथ मिस्त्रीचं. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बंगाली, बोलायला कमी. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला 'बारगी' म्हणायचा. बंगालात मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण लोकांनी अंगाईगीतात जपून ठेवली आहे; मुलांना झोपवताना तिथे बारगींची, म्हणजे आमची, भीती घालतात. दुसऱ्या कुणी मला तसं म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. मिस्त्रीचं चालायचं. आम्ही हिंदी-बंगालीच्या खिचडीत बोलायचो, इथे मराठीत लिहितो आहे. कागदावर भागीदारी नव्हती. काम मी आणायचं, भाव मी करायचा, सुटे भाग तो बनवायचा, गिऱ्हाइकाकडे जाऊन बसवायचे मी.

एका पावसाळ्यात विमा ऑफिसातले यंत्रखोलीचे प्रमुख गुपचूप दुकानात आले. त्यांचं कार्डांचं यंत्र बंद पडलं होतं. खालचं कार्ड पुढे ढकलणारी जी पातळ पोलादी पट्टी असते, तिची कड मोडली होती. कंपनी म्हणत होती, पट्टी जहाजावर आहे. जहाज कुठे आहे ते कंपनीला ठाऊक नव्हतं. त्यांनी मोडकी पट्टी रुमालातून काढली आणि म्हणाले, "हे मी तुम्हाला दिलेलं नाही."

मिस्त्रीने पट्टी उलटसुलट पाहिली. त्याची एक लकब होती, कुठलीही धार तो अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचा. मग त्याने यंत्रात फाटलेली कार्डं मागितली. कार्ड बोटांत धरून वाकवलं.

"हे बघ. पापडासारखं मऊ झालंय. वीज गेली की त्यांची गार हवा बंद पडते आणि कार्ड ओल पितं. फुगलेल्या कार्डाला ही धार कापते, ढकलत नाही. पट्टी चुकीची नाही. थंड देशातली आहे, एवढंच."

"मग?"

"कड ताटाच्या काठासारखी गोल करू. अगदी केसभर."

मी म्हणालो, "दादा, नमुन्यात नाही ते करू नकोस. नमुना आहे तसा दे, नाहीतर उद्या गळ्यात येईल."

त्याने ऐकलं नाही. तेलाच्या दगडावर दुपारभर घासून त्याने कड गोल केली. मी ती बसवली. यंत्र पावसाळाभर अडलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत शहरातल्या बऱ्याच यंत्रखोल्यांत आमच्या पट्ट्या गेल्या, सगळ्या रुमालातून.

प्रत्येक पट्टीवर मी एक गोष्ट करायचो. पूर्वी एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याचाच भिकार भाग आणून माझा म्हणून माझ्या तोंडावर फेकला होता. तेव्हापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक भागाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मी तिकोनी कानशीने एक बारीक खाच पाडायचो. तिचा दुसरा काही उपयोग नव्हता. आमचा माल मला अंधारातही बोटाने ओळखता यावा, एवढ्यासाठी.

मिस्त्री म्हणायचा, "बारगी, मांजर खांब ओरबाडून ठेवतं तसं करतोस. खांब सुताराने केलेला असतो."

तेव्हा मी हसायचो.

कंपनीच्या एका इंजिनियरला तपासणीत आमची एक पट्टी सापडली आणि ती बसवायला मी आलो होतो, हेही कळलं. आता वकिलाची नोटीस येणार म्हणून मी पंधरा दिवस धास्तीत होतो. आलं ते जाड, सायीच्या रंगाच्या कागदावरचं पत्र. सर्व्हिस मॅनेजरने भेटायला बोलावलं होतं.

हा मॅनेजर शांत, नीटनेटका माणूस. माझी पट्टी त्याच्या टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली होती. तो म्हणाला, "हे काम ज्याने केलं तो माणूस आमच्या बाहेर राहणं आम्हाला परवडणार नाही." मी हे वाक्य घरी येईपर्यंत ट्राममध्ये किती वेळा मनात म्हटलं असेल. त्याने सांगितलेला पगार मी मागणार होतो त्याहून जास्त होता, म्हणून पगारावर बोलायचं राहिलंच नाही. हात मोकळे राहिले तर मला करमत नाही. मी तीन अटी घातल्या. मला मेकॅनिक म्हणायचं नाही, नेमणुकीच्या पत्रात इंजिनियर लिहायचं. चामड्याची पेटी नवी द्यायची, कुणाची वापरलेली नको. आणि कोलकात्याबाहेर बदली करायची नाही.

"मान्य," तो म्हणाला. "आणखी काही?"

आणखी काही सुचलंच नाही. भाव करताना माझं पहिल्यांदाच असं झालं होतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. "घासाघीस केली नाही त्यांनी? तुमच्याशी?"

"माणसाची किंमत कळणारे लोक आहेत ते."

"अहो, तुम्हीच म्हणता ना, न बोलता पैसे टाकणाऱ्याची पिशवी तपासावी. उद्या जाऊन विचारा, त्यांना नक्की काय हवंय."

मी तिच्यावर ओरडलो. घरात कधी चांगली गोष्ट आली की तू तिच्यात खडा शोधतेस, असं काहीतरी. तव्यावरची पोळी करपली.

हे ओरडणं का, तेही सांगतो. इथल्या मराठी मंडळात बदलीवर आलेले बँकेचे आणि केंद्र सरकारचे अधिकारी पुढच्या रांगेत बसायचे. मी गणपतीत माइक दुरुस्त करायचो. बालीगंजचे एक बँकवाले गृहस्थ पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे मेकॅनिक." आमचे. जसं काही मंडळाने सतरंज्यांबरोबर मलाही विकत घेतलं होतं. त्या वर्षी गणपतीत मी टाय लावून गेलो आणि पुढच्या रांगेत बसलो. माइक खरखरत राहिला. मी उठलो नाही.

नेमणुकीचं पत्र चार पानांचं होतं. ट्रामच्या तिकिटामागचे नियम वाचणारा मी माणूस. पण पहिल्या पानावर माझ्या नावापुढे तो शब्द टाइप केलेला होता. मी तो पाहिला, पेटीचं पितळी कुलूप दोनदा उघडून लावलं आणि चौथ्या पानावर सही केली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः मला कंपनीच्या गाडीत घालून निघाला. "पाहणी" म्हणाला. आम्ही एकेका यंत्रखोलीत जायचो. ज्या खोल्यांत मी मागच्या जिन्याने शिरायचो, तिथे आता समोरच्या दाराने शिरत होतो. मी झाकण उघडून आत बोट घालायचो, खाच नखाला लागली की म्हणायचो, "हे माझं." मॅनेजर वहीत लिहून घ्यायचा. विमा ऑफिसातले प्रमुख माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मला वाटलं, टायकडे बघताहेत.

गाडीत मॅनेजरने विचारलं, "कड गोल का केली?"

मी सगळं सांगितलं. ओल, फुगलेली कार्डं, ताटाचा काठ.

"फारच हुशारीचं आहे. कल्पना कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

एवढ्या सहज म्हणालो की म्हटल्याचं मला पुढे कितीतरी दिवस आठवलंही नाही.

पण मी मिस्त्रीला विसरलो नव्हतो, हेही लिहिलंच पाहिजे. त्याच फेरीत मी मॅनेजरला सांगितलं की बेहालाला माझा कारागीर आहे, त्याला कंपनीचा पुरवठादार करा. पट्टी जहाजाने आणायची गरजच उरणार नाही. मॅनेजर म्हणाला, "चांगली सूचना आहे. मी नोंद केली आहे." मी त्या रविवारी बेहालाला जाऊन मिस्त्रीला छातीठोकपणे सांगितलं, "दादा, काम झालं समज. लेथ मोकळं ठेव. कंपनीचं काम आलं की तुला श्वास घ्यायला वेळ मिळायचा नाही."

मिस्त्रीकडे तेव्हा विजेच्या पंख्यांच्या बुशांचं, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या नळकांड्यांचं, नेहमीचं काम होतं. कंटाळवाणं, पण वर्षभर न चुकता येणारं. त्याने विचारलं, "नक्की ना? पंखेवाले एकदा गेले की परत येत नाहीत. गल्लीतला दुसरा टपूनच बसलाय."

"मी आत बसलोय ना आता."

त्याने बुशांचं काम सोडून दिलं. दुसऱ्याच आठवड्यात ते गल्लीतल्या त्या दुसऱ्याने उचललं.

दोन महिन्यांनी कंपनीने सगळ्या यंत्रखोल्यांना पत्रं पाठवली. परवानगी नसलेला भाग यंत्रात आढळल्यास देखभाल बंद. कुठे कुठे आढळतील त्याची यादी कंपनीकडे होती. मीच एकेका जागी बोट घालून ती दिली होती. आणि ते भाग काढायला पाठवलं मलाच. नवी पेटी घेऊन मी दारोदार हिंडलो आणि आपल्या हातांनी आपल्या पट्ट्या काढून कंपनीच्या लिफाफ्यांत भरल्या. विमा ऑफिसातले प्रमुख एकच वाक्य बोलले, "मी तुम्हाला ते दिलेलं नाही, असं म्हणालो होतो."

मी मनाची समजूत घातली. आधी बाहेरचं काढणार, मग रीतसर आपलंच बसवणार. धंद्यात असंच असतं, जुना भाव मोडल्याशिवाय नवा ठरत नाही. मॅनेजरला महिन्यातून एकदा विचारायचो. तो म्हणायचा, "नोंद आहे." मी बेहालाला जाऊन सांगायचो, "नोंद आहे."

मिस्त्री एकदा म्हणाला, "नोंदीला लेथवर चढवता येतं का बघ."

तो पावसाळा कोरडा गेला म्हणायचा, म्हणजे त्याच्या शेडमध्ये. बाहेर रस्ते तुंबले होते, वीज रोज जात होती, गावभर यंत्रं कार्डं फाडत होती. कंपनीच्या धारदार पट्ट्या बसवून मी रोज शिव्या खात होतो आणि सांगत होतो, सुधारणा चालू आहे. सांगताना मला ठाऊक होतं की सुधारणा बेहालाला फळीवर पडून आहे.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर मॅनेजरने सगळ्या इंजिनियरांना बोलावलं. टेबलावर परदेशातून आलेलं खोकं होतं. एकेक पट्टी मेणकागदात गुंडाळून छापील पाकिटात बंद केलेली. मॅनेजर म्हणाला, मुख्य कचेरीने दमट हवामानासाठी ही खास पट्टी तयार केली आहे, आता कोलकाताच नव्हे तर अशा सगळ्या गावांत हीच जाईल. पाकिटं हातोहात फिरली. माझ्या हातात आलं ते मी फाडलं. कड गोल होती. अगदी केसभर.

मला राग यायला वेळ लागत नाही, पण तेव्हा लागला. कारण माझा अंगठा आपोआप खाली डाव्या कोपऱ्याकडे गेला, आणि नखाला खाच लागली.

माझी खाच. तिकोनी कानशीची. त्याच कोपऱ्यात, तेवढीच खोल. माझ्या लिफाफ्यांतली एखादी पट्टी त्यांनी मुख्य कचेरीला पाठवली असणार, आणि तिथल्या कुणा सुट्या भागांचे नकाशे काढणाऱ्याने ती जशीच्या तशी मोजून उतरवली असणार. पट्टीतलं काय कामाचं आणि काय नुसती माझी खूण, हे त्याला कसं कळावं. त्याने सगळंच कामाचं धरलं.

मी विचारलं, "ही खाच कशासाठी आहे?"

मॅनेजरने नकाशाचा कागद उलगडला. "पट्टी जागेवर नीट बसावी म्हणून. बसवताना खाच खाली, डावीकडे येईल असं पाहायचं."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. खाच खाली, डावीकडे.

सगळे गेल्यावर मी त्याच्या केबिनमध्ये शिरलो आणि दार लावून घेतलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. टेबलावर हात आपटला तेव्हा तो काचेचा पेपरवेट घरंगळून खाली पडला. तो वाकला, त्याने तो उचलून पुसला आणि जागेवर ठेवला.

"ही चोरी आहे," मी म्हणालो.

"चौथं पान वाचा. कंपनीच्या यंत्रांबाबत तुम्ही आधी केलेलं आणि पुढे कराल ते सगळं कंपनीचं. तुमची सही आहे."

"आणि माझा कारागीर? पुरवठादार करतो म्हणालात."

"नोंद करतो म्हणालो. नोंद आहे." त्याने खरंच वही उघडून दाखवली. बेहाला, कारागीर, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "हे बघा, तुम्ही तीन अटी घातल्यात. आम्ही तिन्ही पाळल्या. चौथी तुम्ही घातलीच नाहीत."

त्याने मला काढलं असतं तर बरं झालं असतं. त्याने घंटी वाजवून माझ्यासाठी पाणी मागवलं. मी ते प्यायलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मिस्त्रींना कळवलंत?"

"कळवतो."

"कधी?"

मी कळवलं नाही. पावसाळा सरत आला. मी नव्या पट्ट्या बसवत हिंडलो, यंत्रं सुरळीत चालली, लोकांनी कंपनीचं कौतुक केलं. बेहालाला जायचं मी टाळलं, ते विश्वकर्मा पूजेपर्यंत.

त्या दिवशी तिकडे कुठल्याही कारखान्यात हत्याराला हात लावत नाहीत. लेथला, कानशींना शेंदूर लावतात, हार घालतात, खिचडीचा प्रसाद असतो आणि आकाशात पतंगच पतंग असतात. मी मुद्दामच तो दिवस धरला. काम नसल्यामुळे तो लेथकडे तोंड करून उभा राहणार नाही, आणि सणाच्या दिवशी कुणी फार भांडत नाही, असा माझा हिशेब होता. लेथवर झेंडूचा हार होता. शेडमध्ये काम म्हणून कुठे काही दिसत नव्हतं, आणि ते सणामुळे नाही हे मला कळत होतं.

"ये रे बारगी. चौथाई न्यायला आलास?"

मी पाकीट त्याच्या हातात ठेवलं. त्याने मेणकागद हलकेच सोडवला. पट्टी उजेडात धरली, कड अंगठ्याच्या नखावरून ओढली. एकदा, दोनदा.

"छान केलीय," तो म्हणाला. "पोलाद माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मग त्याचं बोट कोपऱ्याशी थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं, आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. "अरे, साहेबांनी तुझं ओरबाडणंसुद्धा नकाशात घेतलं. आता जगातल्या सगळ्या मांजरांनी असंच ओरबाडायचं."

मीही हसलो. किती महिन्यांनी हसलो. वाटलं, आता आम्ही दोघं एका बाजूला आणि कंपनी एका बाजूला. मी सुटल्यासारखा बोलत सुटलो. केबिन, चौथं पान, नोंद, सगळं सांगितलं. लुटलं आपल्याला दादा, म्हणालो. तो मान हलवत ऐकत होता. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि गच्च्यांवरून आरोळी उठली. ती विरेपर्यंत तो थांबला.

"गोल कडेचं त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, का केली."

"हां. आणि कुणी केली, ते विचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. मला चार उत्तरं सुचली. दुकान दोघांचं होतं, मी म्हणजे आपण असंच मला म्हणायचं होतं, गाडीत घाई होती, तुझं नाव घेतलं असतं तर तुलाच नोटीस आली असती. चारही मी तिथल्या तिथे तोलून पाहिली आणि एकही पुढे केलं नाही. माझ्याकडे बघून त्याला जे कळायचं ते कळलं.

त्याने पट्टी मेणकागदात होती तशी गुंडाळली, पाकिटात सरकवली, तोंड घडीवर घडी दुमडलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली. शर्ट पांढरा होता. त्याच्या बोटांवर पूजेचा शेंदूर होता, तो खिशाच्या कडेला लागला.

"खिचडी घे," तो म्हणाला. "गार होतेय."

मी केळीच्या पानावरची खिचडी संपवली. तो दाराशी उभा राहून पतंग बघत होता.

पुढे तो गल्लीतल्या त्या दुसऱ्याच्या शेडमध्ये पंख्यांचे बुश कातायला जाऊ लागला. आपलं लेथ विकलं नाही, पण दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिला. हे मला तिसऱ्याकडून कळलं. तो भांडायला आला असता तर मी त्याला पुरून उरलो असतो. मला भांडता येतं. तो आला नाही. ट्रामच्या रस्त्यावर एक-दोनदा दिसला. मान हलवायचा. बारगी म्हणाला नाही, दादाबाबू म्हणाला, जसं तिथले कारागीर टायवाल्या कुणालाही म्हणतात.

मी कंपनी सोडली नाही. मुलांच्या शाळा होत्या, पुढची रांग होती, आणि खरं सांगायचं तर राग घेऊन बाहेर पडण्यापेक्षा राग घेऊन आत बसणं मला जमण्यासारखं होतं. त्या कंपनीने माझं काय केलं हे मी आजही तासभर सांगू शकतो, आणि सांगतो. मंडळातल्या सगळ्यांना ते पाठ आहे. चौथ्या पानापाशी आलो की ऐकणारे माझ्या आधी हळहळतात. त्या गोष्टीत मिस्त्री असतो, पण गाडीतला तो प्रश्न नसतो.

एका पावसाळ्यात विमा ऑफिसात पट्टी बदलत होतो. तेच जुने प्रमुख चष्मा वर करून शेजारी उभे होते. त्यांनी नवी पट्टी माझ्या हातातून घेतली, निरखली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही खाच कशासाठी हो?"

त्यांना ठाऊक होतं. रुमालातली पहिली पट्टी त्यांनीच आणली होती.

"पट्टी जागेवर नीट बसावी म्हणून," मी म्हणालो, आणि खाच खाली, डावीकडे येईल अशी ती बसवून झाकण लावलं.